जुन्या पिकअपला जास्तीचे मीटर बसवताना

लग्नाच्या बिछायतीचं सामान घेऊन मे महिन्यातल्या एका दुपारी परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालो होतो. धामणगाव गढी मागे पडलं, घाट लागला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. डॅशबोर्डवरचा पाण्याच्या तापमानाचा काटा कित्येक वर्षं झोपलेला होता, त्या दिवशीही झोपूनच राहिला. पहिली खबर आली ती तापलेल्या रबराच्या वासाने, दुसरी बॉनेटमधून निघालेल्या वाफेने. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यातलं पॅकिंग, उडालं, हेडही वाकलं. नवरदेव वेळेवर पोचला, मांडव पोचला नाही.

गाडी ओढून खाली आणल्यावर आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हेड उघडता उघडता ऐकवलं, "पाह्य भाऊ, लाइट लागला म्हंजे मयतीची चिठ्ठी आली समज. ताप चढून रायला का नाही हे पाह्याचं असन, त काटा लाव काटा." त्यानंतर महिनाभरात गाडीला तीन मीटर बसले. ते बसवताना मी काय काय चुकवलं आणि पुढे गावातल्या दोन-चार गाड्यांना बसवून देताना काय शिकलो, ते इथे सांगतो. पाना-पेचकस चालवता येतो, पण वायरिंग म्हटलं की हात आखडतो, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे.

डोळ्यापुढे गाडी धरली आहे ती जीपच्या तोंडाची, मागे लोखंडी हौदा असलेली जुनी डिझेल पिकअप. महिंद्राच्या अशा बऱ्याच गाड्यांत प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. तुमची गाडी दुसरी असली तरी पद्धत हीच, सेंडर (ताप किंवा प्रेशर मोजून मीटरला कळवणारा इंजिनावरचा भाग) बसायच्या जागा तेवढ्या बदलतील.

कोणते मीटर, कोणत्या क्रमाने

पहिला पाण्याच्या तापमानाचा, दुसरा ऑइल प्रेशरचा, तिसरा व्होल्ट मीटर. पैसे एकाचेच असतील तर तापमानाचाच घ्या. विदर्भात उन्हाळ्यात सावलीतच पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि जुनी गाडी मरते ती बहुधा तापूनच.

ऑइलचा लाल दिवा असताना मीटर कशाला, असं सगळेच विचारतात. तो दिवा पेटवणारा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला (बार हे दाबाचं माप) काम करतो. म्हणजे प्रेशर जवळजवळ संपल्यावर. गरम इंजिन भरधाव चालत असताना प्रेशर तीनवरून दीडवर आलं, तरी दिवा विझलेलाच राहतो. बेअरिंगं मात्र तेव्हापासूनच घासायला लागलेली असतात.

ॲम्पिअर मीटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाड्यांत तो असतोच आणि लोकांचं त्याच्यावर प्रेमही असतं. तो सिरीजमध्ये जोडलेला असतो. चार्जिंगचा आणि गाडीतल्या जवळपास सगळ्या लोडचा करंट इंजिनाकडून डॅशबोर्डपर्यंत येतो, मीटरमधून जातो आणि परत मागे फिरतो. गाडी नवी असताना डायनामो लहान होता, दिवे दोन होते. नंतर कोणी मोठा अल्टरनेटर टाकला, कोणी चार हॅलोजन, कोणी हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम. मीटर तोच, तीस ॲम्पिअरचा, आणि त्याच्या मागचे दोन नट ढिले. तिथेच वायर तापते, रबर वितळतं आणि डॅशबोर्डच्या आत धूर होतो. म्हणून जुना ॲम्पिअर मीटर शोभेला ठेवायचा तर ठेवा, पण बॅटरी सोडवून त्याच्या दोन्ही वायरी काढा, एका बोल्टवर एकत्र घट्ट कसा आणि वरून नीट इन्सुलेशन करा. नुसती चिकटपट्टी नको, मेच्या उन्हात तिचा गोंद पाघळतो. व्होल्ट मीटर लोडचा करंट वाहून नेत नाही, दोन बारीक वायरींवर बसतो, आणि बॅटरीची तब्येत जास्त सरळ सांगतो.

आरपीएम मीटर ही हौस आहे. पेट्रोल गाडीत तो इग्निशन कॉइलवरून चालतो. डिझेलला कॉइलच नाही, म्हणून अल्टरनेटरवर ‘डब्ल्यू’ खुणेचं टर्मिनल असेल तर तिथून सिग्नल घ्यावा लागतो आणि पुलीच्या मापाप्रमाणे मीटर जुळवावा लागतो. पहिल्याच कामाला हे ओझं घेऊ नका. व्हॅक्यूम मीटर एखादा दुकानदार गळ्यात मारेल, तो पेट्रोल इंजिनासाठी असतो. बहुतेक डिझेलमध्ये त्याचा काटा तुम्हाला काहीच सांगणार नाही.

दुकानात जाण्याआधी

मीटर दोन जातीचे. मेकॅनिकलमध्ये ऑइलची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते, किंवा तापमानाची केशनळी येते जिच्या टोकाला तांब्या-पितळेचा बल्ब असतो. याला वीज लागत नाही आणि तो सहसा खोटं बोलत नाही. पण ऑइलची नळी केबिनमध्ये फुटली तर गरम ऑइल पायावर येतं, आणि केशनळी एकदा मुडपली किंवा कापली गेली की मीटर भंगारात. इलेक्ट्रिकमध्ये इंजिनावर सेंडर बसतो आणि केबिनपर्यंत फक्त वायर येते. नवख्याने तापमान आणि ऑइल दोन्ही इलेक्ट्रिकच घ्यावेत असं माझं मत. आमचा मिस्त्री हे मान्य करत नाही.

दुकानात सेंडर म्हणून कळलं नाही तर सेंसर म्हणा. मीटर आणि सेंडर एकाच कंपनीचे आणि जोडीनेच घ्या. काही सेंडर प्रेशर वाढलं की १० ओहमकडून १८० कडे जातात, काही २४० ओहमवरून ३३ वर उतरतात. यांची अदलाबदल झाली तर इंजिन बंद असताना काटा टोकाला आणि चालू केलं की शून्यावर, असा उलटा तमाशा होतो. माझा पहिला ऑइल मीटर असाच उलटा होता. मी दोन दिवस वायरिंग उसवत बसलो, आणि दोष होता डबीतल्या जोडीत.

दुसरी गोष्ट आट्यांची. गाडीवरचा जुना ऑइल स्विच काढून, पुसून, खिशात घालून दुकानात न्या. एक अष्टमांश इंचाच्या दोन जाती आहेत: एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. हाताला त्या सारख्याच लागतात, दोन-तीन फेरे सुखाने फिरतात आणि मग अडकतात. तिथे पान्याने जोर लावला की आटे गेले. शिवाय मेट्रिक आट्यांचे सेंडरही येतात. फेरे हाताने शेवटपर्यंत जायला हवेत, पाना फक्त शेवटचं कसण्यापुरता.

मीटरचं माप ५२ मिलिमीटर घ्या, याचे पॅनेल आणि क्लँप सहज मिळतात. गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हे बॅटरीवर मल्टिमीटर लावूनच ठरवा. लिलावात घेतलेल्या लष्करी गाड्या २४ च्या निघतात. बाकी सामान: १ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर तीन-चार रंगांत, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण), ५ ॲम्पिअरचा फ्यूज होल्डरसकट, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), वायरवर चढवायची जाळीदार किंवा पन्हळी नळी, आणि ऑइलसाठी तीन तोंडांची पितळी टी.

पॅनेल

मूळ डॅशबोर्डला भोक पाडू नका. लोखंडी पत्र्याचे ते डॅशबोर्ड आता सहज मिळत नाहीत आणि पाडलेलं भोक बुजवता येत नाही. वेल्डिंगच्या दुकानातून दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी आणा, होल सॉने तीन भोकं पाडा, कानसने कडा मारा, आणि डॅशबोर्डच्या खालच्या ओठाला असलेल्या जुन्याच स्क्रूंवर ती टांगा. जागा अशी निवडा की स्टिअरिंगच्या आऱ्यामागे काटा लपणार नाही आणि गुडघाही लागणार नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो लावून गाडी वावरापर्यंत चालवून पाहा.

मीटर कसण्याआधी ते थोडे फिरवून असे बसवा की नेहमीच्या चालीत तिन्ही काटे सरळ वर, बारा वाजल्यासारखे उभे राहतील. एखादा वाकडा झाला की रस्त्यावरची नजर न काढताही कळतं.

तापमानाचा सेंडर

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि काम संपेपर्यंत लावू नका. रेडिएटरचं पाणी भांड्यात काढून घ्या. कूलंट असेल तर ते सांडू देऊ नका. चव गोड असते, गुरं आणि कुत्री चाटतात, आणि ते विषारी आहे.

सेंडरची योग्य जागा म्हणजे सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, इंजिनाच्या बाजूला. कंपनीचा मेलेला सेंडर तिथेच असतो. तो काढून नवा बसवणं सगळ्यात सोपं. आटे वेगळे असतील तर ॲडाप्टर. हेडला नवीन भोक पाडायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा.

काही जण रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात सेंडर बसवतात. चालतं, पण दोन अडचणी आहेत. तो तुकडा दोन्हीकडून रबरात असतो, म्हणून त्याला वेगळी अर्थ वायर (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी) द्यावी लागते. आणि थर्मोस्टॅट बंद अडकला तर गरम पाणी तिथवर येतच नाही. इंजिन उकळत असतं आणि काटा थंड दाखवतो.

टेफ्लॉन टेप जपून. एका वायरीचा सेंडर इंजिनाच्या लोखंडातूनच अर्थ घेतो. टेपचे सात वेढे दिले की अर्थ तुटते आणि काटा हलत नाही. वरच्या दोन आट्यांवर एक-दीड वेढा पुरे, टोकाचे आटे मोकळे सोडा.

बसवण्याआधी मीटर आणि सेंडर टेबलावर तपासून घ्या. मीटरला बॅटरीवरून वीज द्या, सेंडरची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात बुडवा, भांड्याच्या तळाला न टेकवता. अमरावती-अकोल्याच्या उंचीवर पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, काटा तिथे यायला हवा. चिखलदऱ्याला हाच प्रयोग कराल तर ९६ दिसेल. ते ठिकाण सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, मीटर बिघडलेला नाही.

ऑइलचा सेंडर

जुना ऑइल स्विच इंजिनाच्या ब्लॉकवर असतो. तो काढा, तिथे टी बसवा, टीच्या एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला नवा सेंडर. दिवाही राहू द्या, तो मोडीत काढू नका. काट्याकडे लक्ष नसतं तेव्हा दिवाच डोळ्यात खुपतो.

गोम अशी की ऑइलचा सेंडर डबीएवढा जाड आणि वजनदार असतो, आणि डिझेल इंजिनाची थरथर तुम्हाला माहीत आहे. पितळी टी काही महिन्यांत मानेपाशी तडकू शकते आणि मग सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून मी ब्लॉकवरून ऑइल सोसणारा लहान लवचीक होज घेतो आणि टी, स्विच, सेंडर हे सगळं चासीच्या किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) पट्टीवर क्लँपने कसतो. असं केलं की दोघांनाही इंजिनाची अर्थ मिळत नाही, म्हणून त्या पट्टीवरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर ओढायची. होज सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून वीतभर तरी लांब ठेवा.

वायरिंग

प्रत्येक मीटरला मागे तीन खुणा असतात: चालू वीज, अर्थ आणि सेंडर. व्होल्ट मीटरला सेंडर नसतो. शिवाय आतल्या दिव्याची एक वायर.

वीज इग्निशन स्विचच्या अशा टर्मिनलवरून घ्या जिथे चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट येतात. टेस्ट लॅम्पने शोधा. लगेच फ्यूज टाका आणि तिथून तिन्ही मीटरला वाटून द्या. कायम चालू वायरीवरून घेतलं तर चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसलेली मिळेल. आणखी एक फसगत: काही जुन्या गाड्यांत मूळ डिझेल आणि टेम्परेचर मीटरला व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून कमी वीज जाते. नव्या मीटरला ती वायर दिली तर आकडे चुकीचे येतात.

अर्थ डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्याला नको. तिन्ही मीटरची अर्थ एकत्र करून, रंग खरवडलेल्या चासीच्या बोल्टवर थिंबल लावून कसा. जुन्या गाडीतले निम्मे वायरिंगचे दोष अर्थचेच असतात. दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडा, म्हणजे रात्री आपोआप पेटेल.

फायरवॉलमधून वायर नेताना ग्रोमेट हवाच, उघड्या पत्र्याची कड वर्षभरात वायर कापते. जोड पिळून टेप मारू नका, थिंबल दाबा. आणि हो, उंदीर. कापसाच्या किंवा कुटाराच्या ढिगाशेजारी गाडी उभी राहत असेल तर सगळी वायर जाड पन्हळी नळीतून न्या. तरी कुरतडतील, पण मूळ वायरिंग आधी कुरतडतील.

पहिल्यांदा चावी

पाणी भरा, बॅटरी जोडा, चावी फिरवा, पण सेल मारू नका. व्होल्ट मीटर १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापणारे) तापत असताना काटा खाली येतो, घाबरू नका. आता सेल मारा. ऑइलचा काटा काही सेकंदांत उठायला हवा. नाही उठला तर स्टॉपर (डिझेल इंजिन बंद करायची खुंटी) ओढा आणि आधी दांडीने ऑइलची पातळी पाहा, मग मीटरला शिव्या द्या. इंजिन चालू झाल्यावर व्होल्ट १३.८ ते १४.४. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला आणि बॅटरी उकळते आहे. दहा मिनिटं चालवून सगळ्या जोडांवर कोरडं फडकं फिरवा, ओलं झालं तर कुठेतरी गळती आहे. पाणी पुन्हा भरा, आत अडकलेली हवा निघाली की पातळी उतरतेच.

काटा वाचणं

ऑइल प्रेशर थंड इंजिनात जास्त दिसतं, गरम झाल्यावर उतरतं. गरम असताना आयडलला साधारण १ बार आणि रस्त्यावर ३ ते ४ बार, हे बऱ्याच जुन्या डिझेलना ठीक मानतात. दुकानदार याला किलो म्हणतात, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. वळणावर काटा डुचमळला तर ऑइल कमी आहे.

तापमानात खूप बारकावे आहेत. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतात, त्यामुळे ८० ते ९५ ही नेहमीची घरं. थंडीत काटा साठच्या वर चढतच नसेल तर कोण्या मिस्त्रीने उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून फेकला आहे. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. त्याने डिझेल जास्त जातं आणि इंजिन झिजतं. नवा टाका.

सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर तापते, तर आधी रेडिएटर पाहा. जिनिंगला कापूस नेणाऱ्या गाडीच्या जाळीत रुईचा थर बसतो, कुटार वाहणाऱ्यात भुसा. हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, पुढून मारलं तर कचरा आणखी आत रुततो. बाहेरून स्वच्छ असूनही तापत असेल तर आतून क्षार. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, जमिनीतलं पाणी खारं असलेल्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकणं म्हणजे चहाच्या भांड्यावर पांढरा थर चढतो तोच इंजिनात चढवणं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच टाका. माझं हेड गेलं त्यात या बोअरच्या पाण्याचा वाटा मोठा होता, आणि पाणी भरणारा मीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काटा चढत चढत १०५ पर्यंत गेला आणि मग अचानक झपकन खाली आला, तर बरं वाटून घेऊ नका. होज फुटला, पाणी गेलं, आणि सेंडर आता नुसत्या हवेत लटकतो आहे. पाण्याशिवाय तो खरा ताप मोजू शकत नाही. अशा वेळी बाजू बघून थांबा आणि स्टॉपर ओढा, तिथल्या तिथे.

पाणी शाबूत असून काटा नुसता चढत असेल तर वेगळी रीत. गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, इंजिन आयडलपेक्षा थोडं वर चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप काम करत राहतील. दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला लागेल. नाही उतरला तर बंद करा. रेडिएटरची टोपी उघडू नका; वरचा होज हाताने सहज दाबला जाईल इतका गार झाल्यावरच, फडकं धरून, हळूहळू. आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये मडक्यातलं थंड पाणी एकदम ओतू नका, हेड तडकतं.

बसवल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस वही ठेवा. सकाळी, दुपारी, रिकामी गाडी, भरलेली गाडी, सपाट रस्ता, घाट, असे तिन्ही काट्यांचे आकडे लिहा. माझ्या वहीत मेमध्ये भरल्या गाडीने घाटात ९७ लिहिलं आहे, जानेवारीत त्याच वळणावर ८६. म्हणून उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं पान वेगळं ठेवा, नाहीतर मेच्या पहिल्याच आठवड्यात विनाकारण मिस्त्रीकडे चक्कर होईल.